रोलर, ब्रश आणि तीन पाण्यांचा हिशोब

रंगकाम आटोपल्यावर रोलर आणि ब्रश साफ करण्यासाठी जी साधने मिळतात, त्यांत दांडा दाबून फिरवायचा स्पिनर मला सर्वांत उपयुक्त वाटतो. मात्र त्याची जी ख्याती आहे, ती त्याच्या खऱ्या कामाशी जुळत नाही. स्पिनर रंग धुऊन काढतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो लवेत, म्हणजे रोलरवरच्या दाट उभ्या धाग्यांत, अडकलेले द्रव बाहेर फेकतो, एवढेच. धुण्याचे काम पाण्याचेच असते, आणि आधीचे पाणी लवेतून किती निघून गेले आहे, यावर पुढचे पाणी किती उपयोगी पडणार हे ठरते. एवढे ध्यानात घेतले की कोणत्या साधनावर विसंबावे, कोणते साधन नुसते पाणी वाया घालवते आणि रोलरला उत्तम ठरणारे साधन ब्रशच्या बाबतीत अपुरे का पडते, याचा उलगडा होतो.

आधी रोलरमध्ये रंग असतो तरी किती, ते पाहू. नऊ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर लांबीचा नेहमीचा रोलर घेतला, त्याची लव १२ मिलिमीटर धरली आणि आतल्या नळीची जाडी वजा केली, तर लवेने व्यापलेली जागा साडेचारशे घन सेंटीमीटरांच्या आसपास भरते. काम थांबवताना तिच्या एक तृतीयांश भागात जरी रंग उरला असेल, तरी तो १५० मिलिलिटर होतो. एक लिटर इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्याने पातळ होणाऱ्या रंगात, एका हाताला दहा-बारा चौरस मीटर भिंत होते असे मानले, तर धुऊन टाकायला निघालेल्या या रंगात दीड चौरस मीटर भिंत रंगली असती. म्हणून साफसफाईची सुरुवात पाण्याने नव्हे, खरडण्याने व्हायला हवी. पुट्टीच्या पत्रीसारखे दिसणारे, पण एका कडेला अर्धगोल खाच असलेले एक हत्यार रंगारी वापरतात. ती खाच रोलरच्या गोलाईवर बरोबर बसते. रोलर रंगाच्या डब्यावर उभा धरून ही खाच वरून खाली दाबत आणली की रंग घट्ट धारेने डब्यात उतरतो. रोलर थोडा थोडा वळवून चारही बाजूंनी असे केल्यावर, निम्म्याहून अधिक रंग परत मिळतो आणि धुण्याचे काम त्याच प्रमाणात हलके होते. माझ्या मते साफसफाईच्या सगळ्या साधनांत हे हत्यार पहिले हाती घ्यावे, आणि त्यात फिरणारा एकही भाग नाही.

रोलर हे ब्रशच्या मानाने अगदी अलीकडचे अवजार आहे. त्याचा शोध १९४० मध्ये टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी लावला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि पाण्याने पातळ होणारे लॅटेक्स, म्हणजेच इमल्शन, रंग घराघरांत शिरले तेही त्याच दशकाच्या अखेरीपासून. हा योग महत्त्वाचा होता. एवढा रंग पोटात धरून ठेवणारे अवजार दर वेळी टर्पेंटाइनमध्ये धुवावे लागले असते, तर त्याच्या वाट्याला आज आहे तेवढी लोकप्रियता आली असती की नाही, याची मला शंका आहे.

पाण्याने धुता येते याचा अर्थ केव्हाही धुता येते, असा मात्र नाही. इमल्शन रंगात पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रव्याचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून जाऊ लागले की हे कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि शेवटी एकजीव होऊन त्यांचा अखंड पापुद्रा बनतो. एकदा हा पापुद्रा बनला की पुन्हा पाणी घातल्याने त्याचे कण होत नाहीत. म्हणजे वाळलेले इमल्शन पाण्यात विरघळत नाही, फार तर फुगते. रोलरच्या लवेत हा पापुद्रा बाहेरून आत धरू लागतो आणि ब्रशमध्ये तो केसांच्या टोकांवर आणि केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या कडेशी आधी धरतो. तेव्हा साधन कितीही चांगले असले, तरी ते हातात येईपर्यंत अवजारे ओली असली पाहिजेत. धुण्याला थोडा उशीर होणार असेल, तर रोलर पाण्यात बुडवून ठेवावा किंवा प्लास्टिकच्या पिशवीत हवा न राहील असा गुंडाळावा. गरम पाण्याचा आग्रह मला पटत नाही. कोमट पाणी साबणाचे काम सोपे करते, पण उष्णतेने पॉलिमरचे कण मऊ होऊन एकमेकांना चिकटण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे हाताला सुखद वाटेल इतपतच पाणी पुरे.

आता स्पिनरकडे वळू. त्याची रचना साधी आहे. एका नळीत मळसूत्रासारखा पीळ दिलेली पोलादी सळई असते आणि तिच्या टोकाला पंजासारखी स्प्रिंगची पकड असते. रोलरची लवेची नळी सांगाड्यावरून काढून या पंजाच्या बाहेरून चढवायची, आणि ब्रश असल्यास त्याचा दांडा पंजाच्या आत खोचायचा. मूठ खालीवर केली की सळईचा पीळ सरळ रेषेतल्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. लहान मुलांचा मूठ दाबून फिरवायचा पत्र्याचा भोवरा याच तत्त्वावर चालतो. हे सगळे खोल बादलीत, रोलर काठाच्या पुरेसा खाली ठेवून करायचे असते. तसे न केल्यास काय होते, हे सांगण्याची गरज नसावी.

या फिरण्यात बळ किती असते? वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर बाहेरच्या दिशेने जाणवणारा जोर हा त्रिज्या आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. रोलरच्या लवेची टोके अक्षापासून सुमारे ३ सेंटीमीटरवर असतात. मिनिटाला १००० फेऱ्यांचा वेग साधला, तर त्या टोकांपाशी गुरुत्वाकर्षणाच्या तेहतीसपट जोर निर्माण होतो. वेग निम्मा झाला, तर जोर निम्मा न होता एक चतुर्थांश, म्हणजे आठपटींवर येतो. मूठ संथपणे दहा-बारा वेळा दाबण्यापेक्षा तीन-चार वेळा जोरात आणि सलग दाबणे का अधिक फलदायी असते, ते या वर्गात दडलेले आहे.

या जोराची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. रोलरची लव नळीवर उभी असते, म्हणजे प्रत्येक धागा अक्षापासून बाहेर जाणाऱ्या रेषेवरच असतो. फिरताना लागणारा जोर नेमका धाग्याच्या लांबीला धरून लागतो, त्यामुळे द्रव मुळाकडून टोकाकडे सरकते आणि टोकावरून सुटते. हाताने पिळताना याच्या उलट घडते. मुठीत दाबलेली लव आडवी होते, द्रव दाबाखालच्या जागेतून शेजारच्या सैल जागेत जाते आणि मूठ सोडताच त्यातले बरेचसे परत शोषले जाते. हाताने पिळून रोलर कोरडा झाल्यासारखा वाटला, तरी तो टेबलावर ठेवल्यावर खाली डाग उमटतो, तो याच कारणाने.

आता हिशोब. समजा, हाताने पिळल्यावर लवेत १०० मिलिलिटर रंगीत पाणी राहते, आणि स्पिनरने फिरवल्यावर २० मिलिलिटर. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, लव जशी असेल तसे ते बदलतील. पण त्यांतून निघणारा मुद्दा बदलत नाही. दर वेळी रोलरमध्ये उरलेले द्रव धरून बादलीत एकूण एक लिटर होईल एवढे स्वच्छ पाणी घ्यायचे, लव नीट चोळायची, मग पाणी टाकून द्यायचे. हाताने पिळण्याच्या पद्धतीत प्रत्येक पाण्यानंतर रंगाचा दहावा हिस्सा मागे राहतो. तीन पाण्यांनंतर एक हजारावा. स्पिनर वापरल्यास प्रत्येक पाण्यानंतर पन्नासावा हिस्सा राहतो. दोनच पाण्यांनंतर अडीच हजारावा, आणि तिसऱ्या पाण्यानंतर सव्वा लाखावा. म्हणजे स्पिनरची दोन पाणी हाताच्या तीन पाण्यांपेक्षा सरस ठरतात, आणि स्पिनरच्या तीन पाण्यांची बरोबरी करायला हाताच्या पद्धतीत पाच पाणीदेखील थोडी कमीच पडतात. रोलर कधीच न पिळता तो वाहत्या नळाखाली धरणे ही या दृष्टीने सर्वांत उधळी पद्धत आहे, कारण नवे पाणी लवेतल्या रंगीत पाण्यात मिसळत राहते आणि त्याचा मोठा भाग बाहेरच्या बाहेर निघून जातो.

या हिशोबात एक गृहीतक आहे: पाणी आणि रंग पूर्ण मिसळले पाहिजेत. लवेच्या बुडाशी, जिथे धागे कापडात विणलेले असतात, तिथला रंग आपोआप मिसळत नाही. म्हणून पहिल्या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकून, बोटांनी लव उलटीसुलटी करत मुळापर्यंत चोळणे टाळता येत नाही. साबण पहिल्या पाण्यातच वापरावा आणि शेवटची पाणी साध्या पाण्याची असावीत, कारण लवेत राहिलेला साबण पुढच्या वेळी रंगात बुडबुडे आणतो.

स्पिनरचा एक उपयोग साफसफाईशी थेट निगडित नसूनही मला फार आवडतो. नवा रोलर वापरण्यापूर्वी पाण्यात बुडवून स्पिनरवर फिरवला, तर सैल धागे निघून जातात आणि लव नुसती दमट राहते. अशा रोलरच्या मुळाशी इमल्शन लवकर घट्ट बसत नाही, त्यामुळे काम संपल्यावर तो धुणेही सोपे जाते. तैलरंगासाठी मात्र रोलर कोरडाच हवा.

ब्रशच्या बाबतीत स्पिनरची मर्यादा उघडी पडते. ब्रश फिरतो तो त्याच्या दांड्याच्या अक्षाभोवती, आणि केस त्या अक्षाला जवळजवळ समांतर असतात. फिरू लागल्यावर केस छत्रीसारखे पसरतात, टोकांची त्रिज्या वाढते आणि तिथले पाणी झटकन उडते. परंतु ब्रशमध्ये खरी साफसफाई जिथे हवी असते, ते ठिकाण म्हणजे केसांची मुळे, पत्र्याच्या पट्टीच्या अगदी आत. तिथे मधल्या केसांची त्रिज्या जवळपास शून्य आणि म्हणून जोरही जवळपास शून्य. शिवाय केसांमधल्या बारीक फटींतून रंग वर चढतो तो तिथेच जाऊन बसतो. मुळांशी रंग वाळला की केस पत्र्यापाशीच फाकतात, ब्रशची धार जाते आणि कोपऱ्यात सरळ रेघ ओढणे अशक्य होते. म्हणून ब्रशसाठी स्पिनर हे वाळवण्याचे साधन समजावे. धुण्यासाठी धातूच्या दातांचा ब्रशचा कंगवा हवा, जो मुळांपासून टोकाकडे फिरवता येतो; आणि त्याच्या जोडीला तळहातावर ब्रश टेकवून, मुळांपाशी वाकवून, केसांच्या आतून पाणी स्वच्छ येईपर्यंत चोळण्याची चिकाटी हवी. यावर दुसरा कोणताही सोपा उपाय मला माहीत नाही. रंगवताना केसांचा तिसरा हिस्साच रंगात बुडवणे आणि सुरुवातीला ब्रश ओला करून झटकून घेणे, या दोन सवयींनी मात्र मुळांपर्यंत जाणारा रंग पुष्कळ कमी होतो. ब्रश कशाचा आहे हेही पाहावे लागते. डुकराच्या केसांचे पारंपरिक ब्रश पाणी शोषून लुळे पडतात, म्हणून ते तैलरंगासाठी राखून ठेवून पाण्याच्या रंगाला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे ब्रश वापरणे बरे.

बाजारात दुसऱ्या प्रकारचे एक साधन मिळते, ते म्हणजे बागेच्या होझपाइपला जोडायची पारदर्शक नळी. रोलर या नळीत ठेवला की बाजूने येणारे पाण्याचे झोत त्याला तिरपे लागतात, रोलर आपोआप गरगर फिरतो आणि रंगीत पाणी खालून वाहून जाते. पाहायला हे अतिशय सुखद असते आणि रोलरही निःसंशय स्वच्छ होतो. पण होझपाइपातून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज जाते. पाच मिनिटांत पन्नास ते पंचाहत्तर लिटर. वरच्या हिशोबात जे काम तीन लिटरमध्ये झाले, त्याला इतके पाणी का लागते याचे उत्तर सरळ आहे: झोत चालू असेपर्यंत लव कधीच रिकामी होत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे पाणी गोळा करता येत नाही. बहुतेक जण हे साधन अंगणात वापरतात आणि रंगीत पाणी थेट मातीत किंवा पावसाच्या पाण्याच्या गटारात जाते. व्यावसायिक रंगाऱ्यांसाठी बनवलेल्या धुण्याच्या टाक्यांची कल्पना मला अधिक पटते. त्यांत तेच पाणी पंपाने फिरवले जाते आणि गाळ वेगळा काढून पाणी पुन्हा वापरात येते. घरगुती कामासाठी त्या अर्थातच फार मोठ्या आहेत.

धुतलेल्या पाण्याचे काय करायचे, या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही. रंग पाण्यात मिसळतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्यात पॉलिमर असते, टायटॅनियम डायऑक्साइड आणि चुनखडीसारखी भुकटी असते, आणि डब्यात बुरशी वा जंतू वाढू नयेत म्हणून घातलेली आयसोथायाझोलिनोन गटातील द्रव्ये असतात, जी जलचरांना अपायकारक आहेत. पहिले, म्हणजे सर्वांत गढूळ पाणी बादलीत झाकून एक-दोन दिवस ठेवले, तर जड भुकटी तळाशी बसते. वरचे दुधाळ पाणी आपोआप निवळत नाही, कारण पॉलिमरचे कण फार हलके आणि एकमेकांना दूर लोटणारे असतात. तुरटी घातल्यास ते एकत्र येऊन गोळा होतात आणि कापडातून गाळता येतात. गाळ वाळवून घन कचऱ्यात टाकावा आणि निवळलेले पाणी मैलापाण्याच्या प्रक्रियेकडे जाणाऱ्या नाल्यात सोडावे. पावसाच्या गटारात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात मुळीच नको. आधी खरडून रंग परत डब्यात घातला असेल, तर या साऱ्या उपद्व्यापाचे प्रमाण किती कमी होते, ते वेगळे सांगायला नको.

तैलरंगाचे शास्त्र वेगळे आहे. एनॅमलसारखे रंग आधी द्रावक उडून जाऊन घट्ट होतात आणि नंतर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कायमचे कडक होतात. त्यामुळे रंगाच्या दोन थरांच्या मध्ये रात्रभर ब्रश किंवा रोलर पाण्यात बुडवून ठेवण्याची रंगाऱ्यांची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे: पाण्याखाली ऑक्सिजन फारसा पोहोचत नाही आणि तैलरंग पाण्यात मिसळतही नाही. सकाळी पाणी झटकले की काम सुरू करता येते. धुण्याची वेळ येते तेव्हा तीन पाण्यांच्या जागी टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिटच्या तीन बरण्या येतात. पहिल्या बरणीत सर्वांत घाण निघते, दुसरीत कमी, तिसरी जवळजवळ स्वच्छ राहते. बरण्या झाकून ठेवल्या की काही दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचे नितळ द्रावक ओतून पुन्हा वापरता येते. नाल्यात मात्र त्याचा थेंबही जाता कामा नये.

द्रावकाने भिजलेला रोलर वेगाने फिरवण्याला माझा ठाम विरोध आहे. काही जण स्पिनरऐवजी ड्रिलला जोडायचा दांडा वापरतात. पाण्याच्या रंगाला तो बेताच्या वेगात चालू शकतो, पण ओल्या हाताने विजेचे यंत्र बादलीवर धरण्यात शहाणपण किती, हा प्रश्न उरतोच. व्हाइट स्पिरिट नेहमीच्या तापमानाला सहज पेट घेत नाही, परंतु त्याचे तुषार हवेत पसरले तर गोष्ट वेगळी होते, आणि कित्येक ड्रिलच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशपाशी, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी, ठिणग्या सतत उडत असतात. तैलरंगाचा रोलर हाताने, हातमोजे घालून, वाऱ्याच्या जागी पिळावा. जवसाच्या तेलाने किंवा तैलरंगाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेलाच्या ऑक्सिडीकरणाने आतल्या आत उष्णता साठून त्या आपोआप पेटू शकतात. त्या एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. दोन भाग मिसळल्यावर आपोआप कडक होणाऱ्या इपॉक्सी रंगाचा रोलर धुण्याच्या भरीस पडू नये. तो टाकून द्यावा.

सगळेच रोलर धुण्याच्या योग्यतेचे नसतात, हेही मान्य करायला हवे. ज्यांची आतली नळी साध्या पुठ्ठ्याची असते, ती भिजून उलगडू लागते आणि स्पिनरवर चढवताच लव सुटून येते. प्लास्टिकची किंवा राळेत भिजवून कडक केलेली नळी असेल, तरच मेहनत सार्थकी लागते. चार इंची छोट्या रोलरचा आतला व्यास बराच लहान असल्याने तो नेहमीच्या पंजावर बसत नाही. स्पंजचा रोलर जोरात फिरवल्यास नळीपासून सुटू शकतो. मेंढीच्या लोकरीचा रोलर मात्र नीट निगा राखल्यास दीर्घकाळ टिकतो, आणि हाताने पिळून त्याची लव जशी चेपली जाते तशी फिरवल्याने चेपत नाही, म्हणून स्पिनरचा सर्वांत मोठा लाभ त्यालाच होतो. धुऊन झाल्यावर रोलर आडवा न टाकता उभा ठेवावा आणि ब्रश केस खाली करून टांगावा.

राहता राहिली स्पिनरची स्वतःची निगा. रंगाचे तुषार पिळाच्या सळईवर बसतात, वाळतात आणि पुढच्या वेळी मूठ अडकू लागते. काम झाल्यावर सळई पूर्ण बाहेर ओढून ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी करावी आणि तिच्यावर यंत्राच्या तेलाचा एखादा थेंब सोडावा. घेताना पंजा प्लास्टिकचा आहे की स्प्रिंगच्या पोलादाचा, एवढे तरी पाहून घ्यावे. ओल्या, जड रोलरच्या झटक्याने प्लास्टिकचे पंजे आधी तुटतात.